तुम्ही विचारलंत म्हणून: विंडोज ठेवून लिनक्स टाकता येतं का?

कुणी ना कुणी लॅपटॉप घेऊन येतंच आणि विचारतं, विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्स टाकता येईल का, आणि उत्तराची वाट न बघता लगेच पुढचं, माझं काही उडणार तर नाही ना. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं तुमच्या बॅकअपवर आहे, आणि हे मी दोन वर्षांचे फोटो स्वतःच्या हाताने उडवून सांगतोय. इन्स्टॉलरने सरळ विचारलं होतं, पूर्ण डिस्क पुसू का, मी घाईत हो म्हणून मोकळा झालो.

दोन सिस्टिम म्हणजे मशीन स्लो होणार असं बऱ्याच जणांना वाटतं. अहो, दोन्ही एकदम चालतच नाहीत. एका घरात दोन बिऱ्हाडं, पण एक जागं असताना दुसरं गाढ झोपलेलं, त्यामुळे रॅम आणि प्रोसेसर जागं आहे त्याचाच. भांडणं होतात ती सामायिक गोष्टींवरून, बूटची, म्हणजे मशीन सुरू होण्याची जागा, घड्याळ आणि दोघांनाही लागणाऱ्या फाइल्स.

पण त्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर तो चालू असतो आणि मालकाला पत्ताच नसतो, मग तुम्ही बूटच्या सेटिंगला हात लावता आणि समोर निळा स्क्रीन, 48 आकडी रिकव्हरी की टाका म्हणून. ती की आधीच काढून कागदावर लिहून ठेवा, त्याच लॅपटॉपवर सेव्ह केलीत तर उपयोग शून्य.

जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करायची आणि मोकळी सोडायची, फॉरमॅट नाही करायची. मी निदान 50 जीबी ठेवायला सांगतो. कधीकधी डिस्क अर्धी रिकामी असूनही विंडोज चिमूटभरच जागा सोडतं, कारण पेजफाइल (रॅम कमी पडली की लागणारी) किंवा हायबरनेशनची (झोपताना रॅममधलं लिहून ठेवायची) फाइल मध्येच ठाण मांडून बसलेली असते, त्या तात्पुरत्या बंद केल्या की बहुतेक वेळा काम होतं.

आता बूट. आधी विंडोज, मग लिनक्स हा सल्ला एमबीआर या जुन्या बूट पद्धतीच्या काळातला. तेव्हा बूटचा कोड डिस्कच्या पहिल्या 512 बाइटच्या सेक्टरमध्ये बसायचा, शेवटी जो इन्स्टॉल होईल तो आधीच्याला पुसून टाकायचा, आणि विंडोजला दुसऱ्या कुणाची ओळख दाखवायची सवय नाही. युईएफआय ही नवी पद्धत आल्यापासून डिस्कवरच्या एका छोट्या फॅट32 पार्टिशनमध्ये दोघांचे वेगळे फोल्डर असतात. तरी एखाद्या मोठ्या अपडेटनंतर विंडोज बूटच्या यादीत स्वतःला वर नेऊन बसवतं आणि लोक माझ्याकडे येतात, लिनक्स गेलं म्हणून. गेलेलं नसतं हो, फर्मवेअरच्या (ज्याला लोक बायोस म्हणतात) सेटिंगमध्ये क्रम बदलला की आहे तिथेच. याच्या उलटही होतं, ग्रब, म्हणजे सुरुवातीला कोणती सिस्टिम हवी ते विचारणारा लिनक्सचा प्रोग्राम, त्याच्या मेन्यूत विंडोज दिसत नाही. 2021 मध्ये आलेल्या ग्रब 2.06 पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो, तो चालू करून मेन्यू परत बनवायचा.

घड्याळाची गंमत अशी की मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक मानतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, मानतं, त्यामुळे इकडून तिकडे गेलात की घड्याळ काही तास पुढे किंवा मागे. बॅटरी गेली समजून नवीन सेल टाकणारे मी पाहिलेत! लिनक्समध्ये एक कमांड दिली की तेही स्थानिक वेळ धरून चालतं, विषय संपला.

खरा त्रास फाइल्सचा, आणि त्याचं मूळ फास्ट स्टार्टअप. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) अवस्था डिस्कवर लिहून अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून विंडोजचा ड्राइव्ह उघडलात तर फाइल्स नुसत्या वाचता येतात, लिहिता येत नाही, किंवा ड्राइव्ह उघडतच नाही. शिव्या लिनक्सला बसतात, पण ते बरोबरच वागत असतं, कारण जबरदस्तीने लिहिलंत तर विंडोज उठल्यावर त्याच्या डोक्यात डिस्कचं जुनंच चित्र असतं आणि त्या गोंधळात फाइल्स खराब होतात. म्हणून फास्ट स्टार्टअप बंद, यावर माझ्याशी वाद घालू नका. बूटला काही सेकंद जास्त लागतील, लागू देत.

नुसतं टर्मिनल हवं असेल तर एवढा खटाटोप कशाला, विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल आहे, ते वापरा. कसं दिसतं एवढंच बघायचंय? पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा, डिस्कला हातही लागत नाही. आणि इन्स्टॉल झाल्यावर तो पेनड्राइव्ह गाणी भरायला घेऊ नका. काही बिघडलं तर त्यावरूनच बूट करून फाइल्स बाहेर काढता येतात. माझ्या खणात एक आहे, त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय, हात लावू नये. तरी परवा कुणीतरी नेलाच.