शहाखालच्या चाली: जनरेटर वेगळा केला, आता सर्च

बुद्धिबळाच्या इंजिनात राजाला शह असताना सगळ्या चाली काढायच्या, एकेक खेळून बघायची, राजा मारात राहिला तर टाकून द्यायची. ही जुनी पद्धत चुकत नाही, नुसता वेळ खाते. म्हणून शहासाठी वेगळा जनरेटर (चाली काढणारा कोड).

राजाच्या घरावरून प्रत्येक प्रकारचा मार उलटा टाकला की शह देणाऱ्यांचा बिटबोर्ड (दर घराला एक बिट, अशी ६४ बिटांची संख्या) मिळतो. त्यात दोन बिट असले तर फक्त राजाच्या चाली. एकच असेल तर इतरांनी शह देणारं मोहरं मारायचं किंवा मधल्या घरात यायचं. मधल्या घरांचा ६४×६४ तक्ता ३२ केबीत मावतो. पिन झालेली मोहरी (हलली तर मागच्या राजाला शह बसेल अशी) इथे सरळ वगळावीत: पिनची रेघ आणि शहाची रेघ राजापाशीच मिळतात, त्यामुळे ती शह मोडूच शकत नाहीत.

हत्ती ई८, राजा ई४. मार मोजताना राजा पटावरच राहिला तर ई३ त्याच्याच आडोशाने सुरक्षित दिसतं. आधी राजा उचला, मग मोजा.

खरी डोकेदुखी एन पासांची (दोन घरं पुढे आलेलं प्यादं, एकच घर आल्यासारखं धरून, शेजारच्या प्याद्याने मारणं). काळ्याने ई७-ई५ करून डी४ वरच्या राजाला शह दिला, तर एफ५ चं प्यादं ई६ वर जाऊन तो मोडतं. पण ई६ हे ना शह देणाऱ्याचं घर, ना मधलं. मास्कमध्ये (चालणाऱ्या घरांच्या बिटबोर्डमध्ये) ते हाताने घालावं लागतं. उलट प्रकारही आहे: एकाच रांगेतली दोन प्यादी एकदम उठतात आणि मागचा हत्ती राजावर उघडतो. मध्ये दोन मोहरी असल्याने पिन शोधणाऱ्या कोडला काहीच दिसत नाही. परफ्टच्या (कायदेशीर चाली मोजून जनरेटर तपासण्याच्या चाचणीच्या) नेहमीच्या संचातली तिसरी पोझिशन (पांढरा राजा ए५, काळा एच४) दोन प्लायला (एका बाजूची एक चाल म्हणजे एक प्लाय) १९१ द्यायला हवी. १९३ आले, तर ई४ आणि जी४ नंतरच्या दोन बेकायदा एन पासां निसटल्या. पुढचे आकडे २८१२, ४३२३८, ६७४६२४. एन पासां तेवढी अजूनही खेळूनच तपासतो. इतकी क्वचित येते की वेगावर फरक नाही.

सर्चमध्ये (पुढच्या चालींच्या शोधात), शह असताना नल मूव्ह, म्हणजे पाळी सोडून बघणं, बंद (समोरचा राजाच मारेल), फ्युटिलिटीही (आशा नसलेल्या चाली छाटणं) बंद. क्विसन्समध्ये (पोझिशन शांत होईपर्यंतच्या शेवटच्या शोधात) स्टँड पॅट (काही न खेळता आहेत ते गुण धरणं) नाही, नुसत्या मारण्याच्या चालीही नाहीत. शह मोडणाऱ्या सगळ्या चाली बघायच्या, एकही नसेल तर मात, गुणांत कितव्या प्लायला झाली ते धरून. स्टँड पॅट चुकून राहिला की मात झालेली पोझिशन वजीर जास्त म्हणून झकास वाटते. आपण शह देणाऱ्या शांत (काही न मारणाऱ्या) चाली मात्र क्विसन्सच्या पहिल्याच प्लायला, नाहीतर शहावर शह देत झाड फुगतं.

राहिलंय: मात झाल्याचे गुण ट्रान्सपोझिशन टेबलात (आधी पाहिलेल्या पोझिशन साठवणाऱ्या तक्त्यात) ठेवताना प्लायची बेरीज-वजाबाकी.