काच हिरवी झाली की आधी दिव्याकडे बघा

फिशटँकच्या काचेवर हिरवा थर चढला की बहुतेक जण दुकान गाठतात आणि शेवाळ मारायची बाटली घेऊन येतात. चार दिवस काच लख्ख राहते, पंधराव्या दिवशी थर परत हजर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, त्यातलाच हा प्रकार. शेवाळाला जगायला उजेड लागतो आणि पाण्यात विरघळलेलं खत लागतं, म्हणजे अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट. मासे खातात आणि हगतात तोवर खत तयार होतच राहणार, ते शून्यावर आणता येत नाही. उजेड मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतो.

उदाहरणाला घरोघरी दिसते ती २ बाय १ बाय १ फुटी टाकी घेऊ. आत एक फिल्टर, थोडी झाडं, दहा-बारा लहान मासे, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही. आधी पाणी किती आहे ते काढा, कारण पुढचा प्रत्येक डोस त्यावर ठरतो. बाहेरून मोजलं तर ५६ लिटर भरतात. काचेची जाडी, वरची ३ सेंमी मोकळी जागा आणि तळाची ५ सेंमी खडी वजा केली की ४२च्या आसपास उरतात. ५६ धरून औषध टाकलंत तर डोस एक तृतीयांशाने जास्त पडतो. लहान टाकीत मासे दगावतात ते पुष्कळदा अशा हिशेबाने.

आता दिवा. कार्बन डायऑक्साइड न देता साधी झाडं ठेवलेल्या टाकीला लिटरमागे १५ ते २५ ल्युमेन (उजेडाचं माप) पुरतात. म्हणजे आपल्या टाकीला ६०० ते १०००, साधारण ८ ते १० वॅटचा बरा एलईडी. दुकानातून टाकीबरोबर २०-२४ वॅटचा दिवा आला असेल तर तो टाकीपासून वीतभर उंच टांगा किंवा पाण्यावर तरंगणारी सॅल्व्हिनिया सोडून अर्धा पृष्ठभाग झाका. सुरुवातीला वेळ सहा तास, त्याहून जास्त नाही. संध्याकाळी घरी आल्यावर टाकी बघायची असते, म्हणून दुपारी ४ ते रात्री १० ठेवा. रात्रभर चालू राहणारा निळा 'मून लाइट' बंद करा. झाडांना आणि माशांना अंधार लागतो.

दिवा हाताने लावायचा-बंद करायचा नाही, टायमर लावा. खटक्यांचा गोल मेकॅनिकल टायमर स्वस्त मिळतो, पण वीज गेली की तोही थांबतो. दोन तास वीज गेली तर दुसऱ्या दिवसापासून दिवा दोन तास उशिरा लागणार आणि दोन तास उशिरा विझणार. वीज वारंवार जाते तिथे तो दर रविवारी घड्याळाशी जुळवायचा, नाहीतर बॅटरी बॅकअपचा डिजिटल घ्यायचा.

उन्हाचं गणित वेगळंच असतं. दक्षिणेच्या खिडकीसमोरची टाकी जुलैत स्वच्छ असते आणि डिसेंबरात हिरवी होते, तेव्हा दोष फिल्टरला दिला जातो. खरं तर हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला आणि खाली असतो, त्यामुळे ऊन खिडकीतून घरात खोलवर येतं. दिवसातून अर्धा-पाऊण तास ते काचेवर पडलं तरी शेवाळाला पुरतं. टाकी हलवता येत नसेल तर मागच्या आणि उन्हाकडच्या बाजूला काळा कार्डपेपर बाहेरून चिकटवा.

खताची बाजू थोडक्यात. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, आठवड्यातून एक दिवस उपास. उपासाने मासे मरत नाहीत, उरलेल्या दाण्यांनी मरतात. आठवड्याला ३० टक्के पाणी बदला, आणि तेही क्रमाने: आधी काच खरवडा, दहा मिनिटं थांबा, मग खडीतून सायफन फिरवा, म्हणजे सुटलेलं शेवाळ गाळाबरोबर बाहेर जाईल. फिल्टरचा स्पंज काढलेल्या पाण्याच्या बादलीतच पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने त्यातले अमोनिया पचवणारे जीवाणू मरतात, अमोनिया चढतो आणि आठवड्याभरात पाणी हिरवं होऊ शकतं. 'फिल्टर धुतला तरी शेवाळ आलं' अशी तक्रार ऐकू येते, तिथे फिल्टर तसा धुतला म्हणूनच शेवाळ आलेलं असतं. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या मापाने टाका.

बोअरचं पाणी वापरत असाल तर टेस्ट किटने आधी त्या पाण्यातला नायट्रेट मोजा. टाकीत १० ते २० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) चालतो. बोअरच ४० देत असेल तर कितीही पाणी बदला, आकडा उतरणार नाही. अशा घरी मनी प्लांट कामाला येतो. दोन-तीन फांद्यांची पेरं आणि मुळं पाण्यात, पानं टाकीबाहेर. पानं हवेतून कार्बन डायऑक्साइड घेत असल्याने तो पाण्याखालच्या झाडांपेक्षा कितीतरी जोमाने वाढतो आणि तेवढ्याच जोमाने नायट्रेट ओढतो. पाण्यातलं झाड हवं असेल तर हॉर्नवर्ट. ते रोवावंही लागत नाही, नुसतं सोडायचं.

एवढं करून दोन आठवडे थांबा. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. तोवर शेवाळ कोणतं आहे ते बोट लावून बघा.

नव्या टाकीत पहिल्या दीड-दोन महिन्यांत येणारा, बोटाने सहज पुसला जाणारा तपकिरी थर म्हणजे डायटम. पुसा आणि विसरून जा, तो आपोआप थांबतो. काचेवरची मऊ हिरवी भुकटी जुन्या एटीएम कार्डाने निघते. कडक गोल हिरवे ठिपके कार्डाला दाद देत नाहीत, त्यांना ब्लेड लागतं. कोपऱ्यातल्या सिलिकॉनपासून ब्लेड बोटभर लांब ठेवा. तिथलं शेवाळ कोरून काढायच्या नादात सांधा कापला जातो आणि टाकी गळते. चुंबकाचा क्लीनर खडीला टेकवू नका. एक वाळूचा कण आत अडकला तरी काचेवर कायमची रेघ उठते. ठिपके अनुबियास या झाडाच्या पानांवर सतत येत असतील तर दिवा तीव्र आहे, आणि पुष्कळदा फॉस्फेटही फार कमी पडलेला असतो. धाग्यांचं हिरवं शेवाळ जुन्या टूथब्रशवर शेवया गुंडाळाव्यात तसं गुंडाळून ओढा, झुबकाच्या झुबका निघतो.

निळसर हिरवा थर सायीसारखा अखंड पापुद्रा होऊन सुटत असेल आणि त्याला कुबट वास येत असेल तर ते शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहे. पाणी जिथे फिरत नाही तिथे तो धरतो, आणि नायट्रेट शून्याला टेकलेल्या टाकीतही दिसतो. पापुद्रे सायफनने ओढून काढा, फिल्टरचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा आणि टाकी तीन दिवस पूर्ण अंधारात ठेवा. एरिथ्रोमायसिनने तो मरतो हे खरं, पण ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी अँटिबायोटिक आहे. ती टाकीत टाकून ते पाणी गटारात सोडणं मला पटत नाही, आणि अंधाराने काम होत असताना गरजही नाही.

पाणी मुगाच्या कढणासारखं हिरवं झालं असेल तर ते एकपेशीय शेवाळ असतं. ते पाण्यातच तरंगतं, म्हणून काच पुसून उपयोग नाही. नुसतं पाणी बदलूनही भागत नाही, उरलेल्या पेशी चार दिवसांत पुन्हा तेवढ्याच होतात. टाकी जाड चादरीत चारही बाजूंनी गुंडाळा, तीन ते चार दिवस डोकावूनही बघू नका. खाणं बंद, एअर पंप चोवीस तास चालू. मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन खातं, आणि ३० अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये हवा बंद ठेवून अंधार केला तर मासे वर येऊन तोंड मारू लागतात. चादर काढल्यावर लगेच ५० टक्के पाणी बदला. दर दोन महिन्यांनी हेच होत असेल तर ५ ते ९ वॅटचा यूव्ही दिवा घ्या. पाण्यात तरंगणाऱ्या शेवाळावर तो हमखास चालतो. काचेवरच्या आणि पानांवरच्या शेवाळाला त्याचा काही फरक पडत नाही, कारण पाणी दिव्यासमोरून जातं, पान जात नाही.

खरी डोकेदुखी काळ्या दाढीची, म्हणजे ब्लॅक बिअर्ड. पानांच्या कडांवर, लाकडावर, फिल्टरच्या तोंडावर काळे-राखाडी खुंट उगवतात, ओढले तर पान फाटतं पण खुंट निघत नाही. दिसायला काळं असलं तरी हे लाल शेवाळांच्या कुळातलं आहे. कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त होणाऱ्या टाकीत ते हटकून येतं. या वायूसाठी साखर-यीस्टची बाटली लावणाऱ्यांकडे म्हणूनच ते जास्त दिसतं: पहिले काही दिवस बाटली भरपूर वायू देते, मग मंदावते. एक तर बाटली काढून टाका, नाहीतर दोन बाटल्या ठेवून आठवड्याआड आलटून पालटून भरा.

जुन्या दाढीसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. इथे एक घोटाळा हमखास होतो. इंटरनेटवरचे डोस ३ टक्क्यांच्या द्रावणाचे असतात आणि आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारं '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं द्रावण ६ टक्के असतं. त्यात तेवढंच पाणी मिसळलं की ३ टक्के होतं. या पातळ केलेल्या द्रावणाचा डोस दर ४ लिटरला १ मिली, म्हणजे आपल्या ४२ लिटरला दिवसाला जास्तीत जास्त १० मिली. फिल्टर बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या. बिनसुईच्या ५ मिली सिरिंजचं टोक खुंटांना जवळजवळ टेकवून हळूहळू सोडा. लगेच बारीक बुडबुडे सुटू लागतात. पाच मिनिटांनी फिल्टर चालू, अर्ध्या तासाने ३० टक्के पाणी बदल. दोन-तीन दिवसांत खुंट गुलाबी, मग पांढुरके होतात, आणि मग कोळंबी ते खाते. रंग बदलला नाही तर द्रावण जुनं झालेलं आहे, उघडलेली बाटली काही महिन्यांत जोर गमावते. मॉस आणि व्हॅलिस्नेरियाजवळ हे सोडू नका, त्यांचीही पानं पांढरी पडतात. लाकूड आणि पाइप बाहेर काढता येत असतील तर बाहेरच फवारा, पाच मिनिटांनी धुवा, टाकीला डोसच नको. निम्म्याहून जास्त पान काळं झालं असेल तर सरळ कात्रीने कापा.

मोरचूद आणि तुरटी हे दोन घरगुती उपाय मात्र नकोत. मोरचुदातल्या तांब्याने शेवाळ मरतं खरं, पण कोळंबी आणि गोगलगायी आधी जातात, आणि मऊ पाण्यात मासेही. तुरटीने पाणी नितळ दिसतं, पण मऊ पाण्याचा पीएच ती झपकन खाली आणते.

शेवाळ खाणारे मासे हा दुकानदाराचा आवडता विषय. 'सकर टाका, काच साफ राहील' हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं. दोन इंचांचा हा मासा वाढून दीड फुटाचा होतो, मोठा झाल्यावर शेवाळ सोडून माशांचं खाणं खातो, आणि त्याच्या विष्ठेने टाकीत खत आणखी वाढतं. मग लोक तो तलावात सोडतात. उजनीच्या मच्छिमारांच्या जाळ्यात आज हाच मासा येतो, आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. नको झाला तर दुकानात परत द्या, नदी-तलावात कधीही नाही. चायनीज अल्गी ईटरही टाळा, मोठा झाला की तो चपट्या माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटू लागतो. काळी दाढी खाणारा सायामीज अल्गी ईटर निराळा, त्याची काळी रेघ शेपटीच्या पंखाच्या टोकापर्यंत सलग जाते. पण तो सहा इंचांचा होतो, दोन फुटी टाकी त्याला अपुरी.

या टाकीला दोन नेराइट गोगलगायी आणि दहा चेरी कोळंब्या पुरेत. नेराइट पांढरी अंडी चिकटवते, ती गोड्या पाण्यात फुटत नाहीत, फक्त दिसायला वाईट. धाग्यांचं शेवाळ खाण्यात अमानो कोळंबी सरस. जपानच्या ताकाशी अमानो यांनी १९८०च्या दशकात तिचा वापर रूढ केला, नावही त्यांचंच. बोअरचं जड पाणी असेल तर काळी मोली ही मासोळी ठेवा, तिला ते मानवतं आणि ती पानं दिवसभर टोचत राहते. ऑटोसिंक्लस हा शेवाळ खाणारा छोटा मासा हवा असेल तर टाकी निदान तीन महिने जुनी होऊ द्या. नव्या टाकीत काचेवर खायला काही नसतं आणि तो उपाशी मरतो. काच साफ झाल्यावर त्याला उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची चकती द्या, सकाळी उरलेली काढून टाका.

दोन आठवडे काच स्वच्छ राहिली आणि झाडांना नवी पानं फुटत असतील तर दिवा अर्ध्या तासाने वाढवा आणि पुढचे दहा दिवस वाट बघा. हिरवी भुकटी दिसली की अर्धा तास परत मागे. असं करत बहुतेक टाक्या सात तासांवर स्थिरावतात. आठच्या पुढे नेऊ नका, झाडं कितीही छान दिसत असली तरी.