शून्य खुनांचं गाव

रविवार, रात्री उशिरा

आजच्या ग्रामसभेत सांडपाणी आणि रस्त्यावरचे बंद दिवे यांतच सगळा वेळ गेला. मारामाऱ्यांचा विषय निघाला तो लोक खुर्च्या सरकवायला लागल्यावर. एक पंच म्हणाले, "गेल्या वर्षी आपल्या गावात एकही खून नाही. पर्यटनाचा सीझन तोंडावर आलाय, उगाच गावाचं नाव खराब करू नका." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं गोव्याच्या किनाऱ्यावरचं गाव, वस्ती सहा-सात हजारांची. २०२२ साली देशात २८,५२२ खुनांची नोंद झाली, म्हणजे लाख माणसांमागे जेमतेम दोन. त्या हिशेबाने आमच्या वाट्याला सात-आठ वर्षांतून एक खून येतो. म्हणजे गेल्या वर्षी शून्य होता यात कुणाचंच कर्तृत्व नाही. पुढच्या वर्षी एक झाला तर आमचा दर एकदम देशाच्या सातपट होईल आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा शून्यावर येईल. शिवाय भागायचं कितीने? हाताशी असलेली जनगणना २०११ ची. तेव्हा मोपाचा, म्हणजे गोव्यातला दुसरा, विमानतळ नव्हता. तिथून विमानं उडू लागली ती जानेवारी २०२३ पासून. आता डिसेंबरात या किनाऱ्यावर रात्री जेवढी माणसं झोपतात, त्यांतली किती त्या यादीत असतील?

गावाची तब्येत खुनांवरून कळत नाही. ती मारहाणीवरून, धमक्यांवरून कळते. आणि त्यांचा प्रकार बदललाय, हे मला इथे जन्म काढल्यामुळे दिसतं. पूर्वीही लोक हातघाईवर येत. बांधावरून, माडांवरून, भाटकार-मुंडकाराच्या (जमीनमालक आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) जुन्या वैरातून, जत्रेतल्या मानपानावरून, आणि दारू तर होतीच. पण मारणारा आणि मार खाणारा एकमेकांना आजोबांच्या नावासकट ओळखत. आता जमिनीला सोन्याचा भाव आला आणि मारणारा पगारावर ठेवलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायवाटेवर पत्र्याचं कुंपण येतं आणि कुंपणापाशी काळ्या टीशर्टातले चार बाउन्सर उभे राहतात. खासगी सुरक्षारक्षकांसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे. एजन्सीला परवाना हवा, माणसाची पोलीस पडताळणी हवी, त्याला प्रशिक्षण हवं. त्या चौघांकडे यातलं काय आहे, हे विचारायला कुणी गेलेलं मी पाहिलेलं नाही. २०२४ च्या अखेरीस कळंगुटच्या एका शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळीत, वाद झाला आणि आंध्रचा एक तरुण पर्यटक दांड्याच्या माराने मेला. दांडा तिथे हाताशी होता, हेच मला भयंकर वाटतं.

सभेतलं दुसरं ठरलेलं वाक्य, "हे सगळं बाहेरचे करतात." हे मी मान्य करणार नाही. काणकोणात मार्च २०१७ मध्ये एका आयरिश तरुणीचा खून झाला. तब्बल आठ वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये जन्मठेप झाली ती तिथल्याच मुलाला. आणि घराघरांत जे चालतं, ते करायला बाहेरून कोण येतं?

माझी एक जुनी विद्यार्थिनी. नाव लिहीत नाही. नवऱ्याने मारलं, समोरचा दात तुटला. पोलिसांकडे गेली तेव्हा "घरचं आहे, घरात मिटवा" म्हणाले, अदखलपात्र म्हणून, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत असा गुन्हा म्हणून, दोन ओळी लिहून घेतल्या. मग देवळात चार वडीलधारे बसले, गाऱ्हाणं घातलं, नवऱ्याने नारळावर हात ठेवला आणि प्रकरण मिटलं. तिचं काही मिटलेलं नाही, ती अजून तोंडावर पदर धरून हसते. कायद्यात दात तुटणं ही गंभीर दुखापत आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३२५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ११७. तो दखलपात्र गुन्हा आहे. पोलिसांनी एफआयआर लिहायलाच हवा होता. तो लिहिला नाही, म्हणून आपला आकडा स्वच्छ राहिला.

असे स्वच्छ आकडे गोव्याने पाहिलेत. शिरोड्याचा महानंद नाईक २००९ मध्ये पकडला गेला, तेव्हा सोळा बायकांच्या खुनांचे आरोप त्याच्यावर आले, पंधरा वर्षांच्या काळातले. गरीब घरच्या मुली, लग्नाचं आमिष, अंगावरचं सोनं. इतकी वर्षं त्या खून म्हणून कुठे मोजल्याच गेल्या नव्हत्या. कुणी बेपत्ता म्हणून नोंदली गेली, कुणी पळून गेली असेल म्हणून घरच्यांनीच लाजेने तोंड मिटलं. काही खटल्यांत त्याला शिक्षा झाली, काहींत पुराव्याअभावी तो सुटला. उशिरा शोधायला गेलं की पुरावा उरत नाही. हणजुण्यात २००८ साली पंधरा वर्षांची ब्रिटिश मुलगी किनाऱ्यावर मेलेली सापडली, तर आधी बुडाली असंच सांगितलं गेलं. उच्च न्यायालयात दोष सिद्ध व्हायला २०१९ उजाडलं.

म्हणून मला वाटतं, पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्या गावाचा गुन्ह्यांचा आकडा वाढला तर मी घाबरणार नाही. बायका तक्रार द्यायला लागल्या, पोलीस ती योग्य कलमाखाली लिहायला लागले, तर तो वाढणारच. टाळ्या तेव्हा वाजवा. हे मी सभेत उभं राहून बोलले, पण तोवर निम्मी सभा बाहेर चहाला गेली होती. सरपंच सभ्यपणे म्हणाले, "बाई, लिहून द्या."

तर लिहून काढलंय. माहिती अधिकाराचा अर्ज आहे, उद्या देणार. मागच्या पाच वर्षांत आमच्या पंचायतीच्या हद्दीतून किती अदखलपात्र नोंदी झाल्या, त्यांत दुखापतीच्या किती, त्यांतल्या किती जणांना वैद्यकीय तपासणीला पाठवलं, बेपत्ता झालेल्यांपैकी किती अजून सापडले नाहीत, आणि आमच्या हद्दीत नेमलेल्या बाउन्सरांपैकी किती जणांची पडताळणी झाली. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. अर्जावर आणखी दोघींना सह्या करायच्या आहेत, त्या सकाळी येतील.