पाठीवर ठरलेला किताब

शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत पंचाने खेळाडूची कारकीर्द मोजायची नसते. त्या संध्याकाळी मंचावर जे शरीर उभे आहे, तेवढेच पाहायचे असते. नियम म्हणून हे सरळ आहे, पण ठाण्यातल्या एका जिल्हास्तरीय स्पर्धेत ८० किलोच्या गटासाठी पंचांच्या टेबलावर बसलो असताना तो पाळणे किती जड जाते, हे मला पुरते कळले. गटात कळव्याचा एक जुना विजेता होता. वर्षानुवर्षे किताब राखलेला, क्रीडा कोट्यातून नोकरी मिळवलेला आणि ठाणे-ऐरोली पट्ट्यातल्या व्यायामशाळांतली पोरे ज्याला ‘दादा’ म्हणतात असा. त्याचे नाव पुकारल्यावर उठलेल्या आरोळ्यांमुळे निवेदकाला काही क्षण थांबावे लागले. त्याच्या शेजारी वागळे इस्टेटमधल्या एका व्यायामशाळेचा तरुण उभा होता. भरण्यात त्याच्यापेक्षा थोडा कमी, पण कटिंग असे उतरलेले की मांडीचा एकेक स्नायू वेगळा दिसावा.

सक्तीच्या पोझ सात. समोरून डबल बायसेप्स आणि लॅट स्प्रेड (लॅट म्हणजे काखेपासून कंबरेकडे पसरणारा पाठीचा स्नायू), बाजूने चेस्ट, मग पाठमोरे होऊन पुन्हा डबल बायसेप्स आणि लॅट स्प्रेड, त्यानंतर बाजूने ट्रायसेप्स आणि शेवटी पोट व मांडी. बाजूच्या दोन पोझमध्ये डावी बाजू दाखवायची की उजवी, हे खेळाडूने ठरवायचे असते आणि अनुभवी खेळाडू ही मुभा चोखंदळपणे वापरतो. दादाने चेस्टला उजवी बाजू दिली. त्यात वावगे काहीच नव्हते; समोरच्या दोन्ही पोझमध्ये तो निर्विवाद पुढे होता, खांद्यांच्या गोलाईत तर त्या मुलाची त्याच्याशी बरोबरीच नव्हती.

पाठमोऱ्या पोझमध्ये मात्र बाजू निवडण्याची सोय नसते. एक पाय मागे घेऊन, टाच उचलून, पोटरी आवळून दादाने दोन्ही हात वर घेतले. उजवीकडचा लॅट काखेपासून कंबरेपर्यंत पंख्यासारखा उघडला. डावीकडचा बरगड्यांच्या मध्यावरच संपला. खालच्या भागात जी जाडी हवी ती नव्हती आणि डाव्या दंडामागचा ट्रायसेप्सही सपाट वाटत होता. ठाण्याच्या दमट हवेत अंगाला लावलेला रंग घामाने ओघळत होता, त्यामुळे हा प्रकाशाचा खेळ असेल असे आधी वाटले. पुढे ट्रायसेप्सच्या पोझलाही त्याने उजवीच बाजू दिली, तेव्हा मात्र मी मुख्य पंचांकडे दोघांची पुन्हा तुलना मागितली. त्यांनी दोघांना जागा बदलायला सांगितले. सगळ्यांवर सारखाच प्रकाश पडावा म्हणून जागा बदलण्याची रीतच आहे, पण कायम मध्यभागी उभे राहिलेल्या खेळाडूला ती सूचना वेगळीच ऐकू येते. दादाच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, जबडा तेवढा आवळला गेला.

त्या क्षणी मला रॉनी कोलमन आठवला. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनचा हा पोलीस १९९७ च्या मिस्टर ऑलिम्पियात, म्हणजे शरीरसौष्ठवातल्या सर्वांत मानाच्या जागतिक स्पर्धेत, नववा आला होता. पुढच्याच वर्षी तो जिंकला आणि २००५ पर्यंत सलग आठ किताब घेऊन त्याने ली हेनीच्या विक्रमाशी बरोबरी केली. आठशे पौंडांचे, म्हणजे सुमारे ३६३ किलोंचे स्क्वॉट मारणारा हा माणूस. २००६ मध्ये नववा किताब घेऊन विक्रम एकट्याच्या नावावर करण्याची संधी होती, तेव्हा ज्या पाठीने त्याला आजवर जिंकून दिले, तीच एका बाजूने ओसरलेली दिसली. त्याच्याकडून चार वेळा दुसऱ्या क्रमांकावर राहिलेला जे कटलर त्या वर्षी विजेता झाला. २००७ मध्ये कोलमन चौथा आला आणि पुढे मानेच्या व कंबरेच्या शस्त्रक्रियांचे सत्र सुरू झाले. आठ किताब होते म्हणून तिथल्या पंचांनी त्याला नववा दिला नाही, मग मी इथे वेगळे काय करणार होतो?

मी पहिला क्रमांक त्या मुलाला दिला. आम्ही सात पंच होतो. चौघांनी मुलाला पहिला ठरवले, तिघांनी दादाला. प्रत्येक खेळाडूला मिळालेल्या क्रमांकांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा वगळून बेरीज केली, तेव्हा मुलाची सात झाली आणि दादाची आठ; कमी बेरीज असेल तो विजेता. निकाल लागताच ‘पंच विकले गेले’ अशा घोषणा सुरू झाल्या. त्यांची आता सवय झाली आहे.

मंचामागे दादा अंगावर टॉवेल टाकून माझ्याकडे आला. भांडायला आला असावा असे वाटले, पण त्याने फक्त विचारले, “सर, पाठ ना?”

“डावी बाजू. हाताला मुंग्या येतात का?”

तो जरा थांबला. “मधल्या बोटाला. डंबेल प्रेसला डावा हात आधी सुटतो. मला वाटलं, कमी पडतोय, म्हणून त्या बाजूला जास्त सेट मारले.”

स्नायू कमी पडला की वजन वाढवायचे, हीच शिकवण आमच्या व्यायामशाळांतून दिली जाते आणि बहुतेक वेळा ती खरीही असते. पण मानेतून निघणारी नस दबली असेल, तर तिच्या ताब्यातला स्नायू कितीही सेट मारले तरी भरत नाही. मी त्याला मणक्याच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले. एमआरआयमध्ये मानेच्या खालच्या भागातली चकती नसेवर दाब देत असल्याचे दिसले आणि डॉक्टरांनी जड वजने बंद केली. त्या मोसमातली राज्य पातळीवरची स्पर्धा त्याने सोडली.

नंतर त्याचा फोन आला. हाताची ताकद हळूहळू परत येईल, पण लॅट पूर्वीसारखा भरेलच असे सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. “सर, कटलर २००८ मध्ये डेक्स्टर जॅक्सनकडून हरला आणि २००९ मध्ये त्यानं किताब परत घेतला,” तो म्हणाला. मी त्याला सांगितले की कटलरला पुन्हा कंडिशन, म्हणजे चरबी उतरवून स्नायू ठळक दिसण्याची अवस्था, मिळवायची होती, तुला आधी नस मोकळी व्हायची वाट पाहायची आहे; तोवर पाय आणि पोट यांवर काम कर, आणि पुढच्या वर्षी नाव द्यायचे की नाही हे नव्या एमआरआयनंतर ठरव.