आधी कळून काय उपयोग?

पोटातल्या आणि नुकत्याच जन्मलेल्या लेकरांच्या एमआरआयवर मी संशोधन करते, असं सांगितलं की इथे छत्रपती संभाजीनगरात शेजारणी, नातेवाईक, कधी कधी डॉक्टरसुद्धा एकच विचारतात : "आधी कळून काय उपयोग? पोटातल्या लेकराला औषध थोडंच देता येतं?"

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. देता येतं. न्यूझीलंडच्या विल्यम लायली यांनी १९६३ मध्येच पोटातल्या बाळाला रक्त चढवलं होतं. पण असे उपचार फार थोड्या बाळांच्या वाट्याला येतात, तेव्हा तुमचा प्रश्न उरतोच.

माझ्याकडे येणाऱ्या बायांच्या हातात बहुतेक वेळा तालुक्याच्या सोनोग्राफीचा कागद असतो आणि घरात त्याचा अर्थ लावून झालेला असतो : 'मेंदूत पाणी हाय.' आता मेंदूत पाण्याच्या पोकळ्या प्रत्येकालाच असतात. गर्भात त्यांची रुंदी १० मिलिमीटरच्या आत असावी लागते. गेवराईकडच्या एका बाईच्या बाळाची ११ होती. ती आणि सासू, दोघींनी आदल्या दिवसापासून धड खाल्लं नव्हतं.

तिला डाव्या कुशीवर निजवलं, आवाज फार होतो म्हणून कानात बोळे दिले, पोटावर कॉइल, म्हणजे शरीरातून येणारे संकेत टिपणारी पट्टी, ठेवली. एमआरआयमध्ये एक्स-रेची किरणं नसतात, आणि चित्र उठून दिसावं म्हणून देतात ते गॅडोलिनियमचं इंजेक्शन आम्ही गरोदर बाईला देत नाही. अडचण असते ती लेकराच्या हालण्याची. एक छेद, म्हणजे मेंदूच्या एका पातळ थराचं चित्र, सेकंदभरात निघतो, तेवढ्यात ते कूस बदलतं. मग आत्ताच्या चित्रात डोकं कुठे गेलं ते बघायचं आणि त्यावरून पुढचा छेद लावायचा. असे इकडेतिकडे झालेले छेद संगणकावर जुळवून अख्खा मेंदू उभा करायचा, हे माझं रोजचं काम. सोनोग्राफीत कवटीच्या हाडाच्या सावलीमुळे जवळचा अर्धा मेंदू नीट दिसत नाही. इथे दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

तिच्या बाळाच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा पूर्ण होता, वळ्या महिन्याप्रमाणे पडल्या होत्या, रक्तस्राव कुठे नव्हता. पोकळी १० ते १२ मिलिमीटर आणि बाकी सगळं ठीक, अशी नव्वद टक्क्यांहून जास्त लेकरं पुढे नीट वाढतात. तसं सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग पाडायची गरज नाही ना?" त्या घरून ठरवूनच निघाल्या होत्या. मला विचाराल तर आधी कळण्याचा सगळ्यात मोठा उपयोग हा.

बातमी वाईट असली तरी उपयोग असतो. श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, भोक असलं की आतडी छातीत चढतात आणि फुफ्फुसांना वाढायला जागा राहत नाही. एमआरआयवर फुफ्फुस किती वाढलंय ते मोजता येतं. असं लेकरू खेड्यात जन्मलं तर व्हेंटिलेटर आणि लहान मुलांचे सर्जन गाठेपर्यंतच हातचं जातं. आधी माहीत असलं तर त्याला आईच्या पोटातूनच मोठ्या दवाखान्यात नेता येतं.

मुलगा की मुलगी, हेही विचारतात. एमआरआयवर दिसतं. सांगत नाही, सांगणारही नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्या आकड्यात यंत्रापुढे बसणाऱ्या माणसांचा हात होता, हे मी विसरत नाही.

आपल्याकडे खरी अडचण वेळेची आहे. व्यंग बघायची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत व्हायला हवी. ऊसतोडीला गेलेल्या कितीतरी बाया त्याच महिन्यांत फडात असतात, सांगली-कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात. परततात तेव्हा सातवा-आठवा महिना लागलेला असतो. २४ आठवडे उलटले की गर्भपाताला वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते, आणि घरच्यांना शांतपणे विचार करायला सवडच राहत नाही. उचल घेतलेली, कोयता थांबला की पैसे कापले जातात, मग मधेच दवाखान्यात कसं जायचं, असं या बायाच मला सांगतात.

तुमच्या घरातून, गल्लीतून कुणी गरोदर बाई टोळीसोबत निघणार असेल तर तिला एवढं सांगा : पाचव्या महिन्यात कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी करून घे आणि कागद जपून ठेव. त्या एका दिवसासाठी मुकादमाशी भांडावं लागलं तरी भांड.