कंट्री स्क्वायरचं ‘लाकूड’ बदलताना

फोर्ड कंट्री स्क्वायरच्या अंगावरचं लाकूड म्हणजे छापील व्हिनाइल, हे माहीत असूनही लोक या स्टेशन वॅगनकडे वळून बघतात. माझ्या मते त्याचं श्रेय व्हिनाइलला कमी आणि भोवतीच्या फिक्या चौकटीला जास्त. १९५१पर्यंत या गाडीला खरं लाकूड असायचं. चौकट मॅपल किंवा बर्चची, आतला गडद भाग महोगनीचा, आणि लाकूड मिशिगनमधल्या आयर्न माउंटन इथल्या फोर्डच्याच कारखान्यातून यायचं. १९५२पासून अंग पूर्ण पोलादी झालं आणि महोगनीच्या जागी लाकडाची नक्षी छापलेली व्हिनाइल फिल्म आली. चौकट आणखी काही वर्षं खरी टिकली, मग तीही फायबरग्लासची झाली. सुताराची मांडणी मात्र कायम राहिली. १९६६च्या गाडीचं व्हिनाइल बदलताना जिथे जिथे अडलो, तिथे ‘सुतार इथे काय करेल’ हाच प्रश्न उपयोगी पडला.

आधी माल. डाय-नॉक (अशा लाकडाच्या नक्षीच्या व्हिनाइलचं नाव) ही फिल्म ४८ इंच रुंदीत मिळते. नक्षीच्या रेषा रोलच्या लांबीत धावतात, म्हणून गाडीची लांबी मोजूनच हिशेब करायचा. प्रत्येक पॅनेलला चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त धरून मला ३० फूट लागलं, त्यात एक दार चुकण्याची सोय होती. (ती वापरावी लागली.) घेताना एक गोष्ट विचारायचीच: फिल्म घरातल्या भिंती-फर्निचरसाठी आहे की बाहेरच्या उन्हासाठी? दोन्ही दिसायला सारख्या, पण घरातली फिल्म उन्हात लवकर विटते. स्वस्तात मिळाली म्हणून ती लावलेल्या गाड्या ओळखू येतात, महोगनीचा दुधाळ चहा झालेला असतो.

जुनं व्हिनाइल काढणं हे सगळ्यांत कंटाळवाणं काम. हीट गनने कोमट करायचं, कडेला प्लास्टिकचं खरवडणं घालायचं आणि सावकाश, अंगालगत ओढायचं. जास्त तापवलं तर फिल्म निघते आणि डिंक मागे राहतो. कमी तापवलं तर पापडासारखे तुकडे पडतात. ज्या बाजूने वर्षानुवर्षं ऊन खाल्लंय ती बाजू काहीही केलं तरी नखाएवढ्या तुकड्यांतच निघते. एका दाराला तीन तास धरा. उरलेल्या डिंकाला संत्र्याच्या तेलाचं क्लीनर लावून दहा मिनिटं थांबायचं, मग ड्रिलवर रबराचं इरेझर चाक हळू फिरवायचं. एकाच जागी दाबून धरलं तर खालचा रंग जळतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. मेण किंवा सिलिकॉन असलेलं काहीही आता गाडीजवळ आणायचं नाही.

खाली काय निघेल याची तयारी ठेवा. गंज बहुधा चौकटीच्या क्लिपांच्या भोकांपासून सुरू झालेला असतो, कारण पट्टीमागे पाणी साचून राहतं. मागचं दार तर आतून सडतं. १९६६मध्ये आलेलं फोर्डचं हे दार खालीही पडतं आणि बाजूलाही उघडतं. त्याची काच दाराच्या पोटात उतरते, तिच्याबरोबर पाणीही. तळाची निचऱ्याची भोकं पानं-मातीने बुजली की खालची कड गेलीच. आधी ती भोकं तारेने मोकळी करा, नाहीतर वरचं सगळं काम वाया.

गंज कापून पत्रा जोडला, इपॉक्सी प्रायमर दिला, भोकांच्या कडांनाही ब्रशने प्रायमर लावला. ‘व्हिनाइलखाली सगळं झाकलं जातं’ हा गैरसमज आहे. पुट्टीतला खड्डा, १८० नंबरच्या पॉलिश पेपरचा ओरखडा, सगळं फिल्मवर उमटतं. शेवटचा हात ४०० नंबरच्या वॉटर पेपरचा. नव्या रंगातलं सॉल्व्हंट बाहेर पडायला मी तीन आठवडे दिले. खात्रीसाठी फिल्मचा छोटा तुकडा चिकटवून दिवसभर ठेवायचा. त्याखाली फुगे आले तर अजून थांबायचं.

चिकटवायला १६ ते २७ अंश सेल्सियस हवं, आणि गाडी सावलीत. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलने एकाच दिशेचे बाण काढा. तुकडा उलटा लागला तर रेषा आडव्याच राहतात, पण छटा बदलते, आणि ते लावून झाल्यावरच कळतं. (वर सांगितलेलं दार ते हेच.) नंबरप्लेटला रेडियम चिकटवणारे वापरतात तसं साबणाचं पाणी मीही सपाट भागांवर वापरलं, लिटरभर पाण्यात चमचाभर बेबी शॅम्पू. फिल्मच्या पाठीला हवा जाण्याच्या बारीक खाचा असतील तर मात्र कोरडंच लावायचं. पॅनेलला पन्हळ असेल तिथे आधी खोलगट भाग दाबून बसवायचा, मग दोन्हीकडे जायचं. उलटं केलं तर फिल्म तंबूसारखी ताणली जाते आणि काही महिन्यांनी उचलते. ताणलेल्या जागा शेवटी ९०-१०० अंशांपर्यंत तापवल्या की फिल्म मूळ आकाराकडे ओढ घेत नाही. दाराच्या कडेवर अर्धा इंच आत वळवायचं, चाकाच्या कमानीवर पाव इंच, तिथे इंग्रजी ‘व्ही’सारख्या खाचा देऊन. ब्लेड थेट रंगावर चालवू नका, त्या रेघेतून गंज उगवतो.

आता चौकट, जिच्यासाठी हा खटाटोप. फायबरग्लासच्या पट्ट्या स्क्रूच्या भोकांशी तडकतात. मागून फायबरग्लासची मॅट आणि रेझिन लावून त्या जोडल्या, ३२० नंबरने घासल्या आणि कच्च्या सायीच्या रंगाचा बेस दिला. तो सुकल्यावर पातळ तपकिरी ग्लेझ (खालचा रंग दिसू देणारा थर) लावून कोरडा ब्रश एका दमात ओढायचा. प्रत्येक पट्टीत रेषा त्या पट्टीच्या लांबीतच धावल्या पाहिजेत. आडवी-उभी भेटतात तिथे सांध्यावर मास्किंग टेप लावून आधी आडवी पूर्ण करायची. ती सुकली की टेप तिच्यावर घ्यायचा आणि मग उभी. टेप काढल्यावर केसाएवढी गडद रेघ राहते. ती पुसायचा मोह आवरा, दोन लाकडं तिथे जोडल्यासारखी दिसतात ती त्या रेघेमुळेच. वर यूव्ही रोखणाऱ्या क्लिअरचे (पारदर्शक लेपाचे) दोन हात.

पट्ट्या परत लावताना प्रत्येक भोकात ब्युटाइलची (पाणी अडवणाऱ्या चिकट रबराची) गोळी ठेवायची आणि स्क्रू हातानेच, मधून कडेकडे आवळायचे. ड्रिलने आवळलेला पहिलाच स्क्रू पुन्हा तोच तडा देतो.