आमची वाटचाल : टर्मिनलपासून एडीसीपर्यंत

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, आमचा छोटा कारखाना आहे. तापमानाचे इंडिकेटर आणि कंट्रोलर, मोजलेलं तापमान ४ ते २० मिलिअँपियरच्या करंटमध्ये बदलून लांबवर पाठवणारे ट्रान्समीटर आणि कुणी मागितलंच तर त्याच्या मशीनपुरतं एखादं कार्ड (सर्किट बोर्ड), एवढंच आम्ही बनवतो. दारावरची पाटी इंग्रजी, कामाची भाषा गुजराती आणि दुपारी डबे उघडले की मराठी.

सुरुवात दुरुस्तीने झाली. शिक्षण कलाभवनातलं, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या आणि पुढे विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा झालेल्या संस्थेतलं. (दादासाहेब फाळकेही तिथेच शिकले, हे सांगितल्याशिवाय बडोद्याचा मराठी माणूस पुढे जात नाही.) नव्वदीच्या सुरुवातीला दांडिया बाजारातल्या घरी ओसरीवर टेबल टाकलं. नंदेसरीच्या केमिकल कारखान्यांतून बंद पडलेली कार्डं पोत्यात भरून यायची. आयसी क्वचितच मेलेली असायची. बहुतेक वेळा रेग्युलेटरच्या हीटसिंकला खेटून बसवलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेला असे, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या पायांजवळ सोल्डर तडकलेलं. इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. हे पाठ असणारा ड्रॉइंग काढताना त्याला आधी गार जागा शोधून देतो.

त्या दुरुस्तीतच एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर यायची: सकाळी मीटर बरोबर, दुपारी चुकीचं. त्यातला हिशोब सोपा आहे. पीटी-१०० या प्लॅटिनमच्या तापमान-सेन्सरचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि एका अंशाला ०.३८५ ओहमने बदलतो. त्यातून १ मिलिअँपियर सोडला तर एका अंशाला हातात येतात ३८५ मायक्रोव्होल्ट. स्वस्त म्हणून जिथेतिथे लावला जाणारा एलएम ३२४ हा ॲम्प्लिफायर स्वतःच दर अंशाला साधारण ७ मायक्रोव्होल्ट सरकतो. मे महिन्यात बडोद्यात पत्र्याच्या शेडखाली पॅनेलच्या आतली हवा सकाळपेक्षा ३० अंशांनी तापली, तर २१० मायक्रोव्होल्ट गेले, म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त. गिऱ्हाईक म्हणतो सेन्सर खराब, सेन्सरवाला म्हणतो मीटर खराब. आमच्या पहिल्या इंडिकेटरमध्ये म्हणून ओपी ०७ हा ॲम्प्लिफायर घातला. तो महाग होता, पण एलएम ३२४ च्या दहाव्या भागाइतकाही सरकत नाही. पुढे आयसीएल ७१०७, म्हणजे साडेतीन आकडी डिस्प्ले थेट चालवणारी ड्युअल-स्लोप एडीसी, व्होल्टेजचा आकडा करणारी चिप. तिचा इंटिग्रेशनचा (सिग्नल साठवून मोजण्याचा) काळ २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवला की मेन्सची ५० हर्ट्झची गुणगुण आपोआप कटते.

सुटे भाग तेव्हा मुंबईहून. रात्रीची गाडी, सकाळी मुंबई सेंट्रल, तिथून चालत लॅमिंग्टन रोड आणि रात्री परत. आता घरबसल्या ऑर्डर होते, त्याबद्दल कसलीही हळहळ नाही.

प्रत्येक नग आजही लाकडी पेटीतून जातो. आत १०० वॅटचा बल्ब, बाजूला थर्मामीटर, बाहेर सेन्सरऐवजी डिकेड बॉक्स, म्हणजे हवा तेवढा रोध लावून देणारी पेटी. बॉक्सवर १०० ओहम लावले की डिस्प्लेवर शून्य, १३८.५ लावले की शंभर. पेटी गार असताना आणि ५५ अंशांना तापल्यावरही शेवटचा आकडा हलता कामा नये. हलला तर तो नग पुढच्या टेबलावर जात नाही. चांगला थर्मल चेंबर विकत घ्या, असं आम्हाला बरेच जण सुचवतात. बल्बचं काम बल्ब करतो.

सर्किटच्या बाहेरची भानगड वेगळीच. एका कारखान्यातून फोन आला, "साहेब, मीटर नाचे छे." जाऊन पाहिलं तर ढवळणीच्या मोटरचा ड्राइव्ह (तिचा वेग सांभाळणारं उपकरण) चालू झाला की रीडिंग चार-पाच अंश वर आणि बंद केला की जागेवर. सेन्सरची केबल ड्राइव्हच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून आणलेली आणि तिची शील्ड (तारांभोवतीची धातूची जाळी) दोन्ही टोकांना अर्थ केलेली. केबल वेगळी घेतली, शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला ठेवली आणि नाच थांबला. तिथेच दुसऱ्या एका मीटरला सेन्सर दोन तारांवर जोडलेला होता. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार, अंतर ४० मीटर, जाऊन-येऊन तीन ओहमच्या आसपास. म्हणजे सात-आठ अंश फुकट जास्त. तारांचा रोध वजा करता यावा म्हणून तिसरी तार ओढली, चूक गेली. असल्या कामाचं बिल लावायला जीव होत नाही, पण लावतो.

भाचा इंजिनिअर होऊन आला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य, "मामा, हे सगळे प्रीसेट (स्क्रूने फिरवायचे रेझिस्टर) काढून टाकू, कॅलिब्रेशन सॉफ्टवेअरमध्ये करू." त्याचं अर्धं बरोबर होतं. पीटी-१०० सरळ रेषेत चालत नाही. २०० अंशांना १७७ ओहम अपेक्षित असताना १७५.८६ येतात, म्हणजे तीन अंशांची तूट. आम्ही ती एक रेझिस्टर फिरवून फीडबॅकमधून भरून काढायचो, तो कोष्टक टाकून चुटकीसरशी भरतो. शून्य आणि स्पॅनही आता की दाबून लागतात. पण उन्हाने ॲम्प्लिफायर किती सरकला हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? तो वाद ओपी ०७ च्या बाजूने मिटला.

वाद मिटवताना दोघांनी ठरवलं की अॅनालॉग कार्ड वेगळं आणि डिस्प्ले-प्रोसेसरचं कार्ड वेगळं. २०२१ साली मायक्रोकंट्रोलर मिळेनासे झाले, मिळाले तर काहीच्या काही भावात. भाच्याने दुसऱ्या कंपनीची चिप घेऊन तेवढंच कार्ड नव्याने काढलं, फर्मवेअर बदललं. इनपुटच्या बाजूला हातही लावला नाही. ओपी ०७ एकापेक्षा जास्त कंपन्या बनवतात, म्हणून त्याची चिंता नव्हती. तेव्हापासून एकाच कंपनीकडे मिळणारा भाग इनपुट कार्डात घ्यायचा नाही, हा आमचा नियम.

हल्ली गिऱ्हाइकांना तापमान मोबाइलवर हवं असतं. त्यासाठी तयार मॉड्यूल आणून जोडतो, त्यात आमची कारागिरी काही नाही आणि तसं आम्ही सांगतोही.

कोटेशन मागताना कृपया तीन गोष्टी कळवा: सेन्सरची तार किती लांब, जवळपास ड्राइव्ह किंवा मोठे कॉन्टॅक्टर आहेत का, आणि पॅनेल उन्हात आहे की सावलीत. भाव त्यानंतर सांगतो.